संकरित कांद्याचं बी: नर-वंध्य झाड आणि त्याचा राखणदार

बीजवाट

मागे एका धाग्यावर कुणीतरी विचारलं होतं: संकरित टोमॅटोचं बी फुलाफुलाला हात लावून बनवतात हे कळलं, पण कांद्याचं, गाजराचं, कोबीचं कसं बनवतात? तिथे दोन ओळींत उत्तर देऊन थांबलो, पण प्रश्न डोक्यातून जाईना. बारा वर्षं भाजीपाला पैदाशीत आहे, त्यातली सात कांद्यावर गेली. म्हणून इथे सविस्तर लिहितो.

आधी फूल बघू. कांद्याला डेंगळा येतो, त्याच्या टोकाला गोंडा. एका गोंड्यात शेकडो फुलं असतात आणि ती एकदम उमलत नाहीत, आज चार, उद्या दहा, असं दोन-तीन आठवडे चालतं. फूल जेमतेम काही मिलिमीटरचं, त्यात सहा पुंकेसर. हातानं संकर करायचा तर परागकोश फुटायच्या आत चिमट्यानं सहाच्या सहा काढायचे, मग दुसऱ्या वाणाचे पराग आणून कुक्षीवर लावायचे. एवढं करून एका फुलातून जास्तीत जास्त सहा बिया. टोमॅटोच्या एका फुलावर तेवढीच मेहनत केली तर शंभरच्या वर बिया सहज येतात. शिवाय टोमॅटोचं बी एकराला काही ग्रॅम पुरतं, कांद्याला किलोंनी लागतं. हातानं संकर करून कांद्याचं बियाणं पुरवणं होणारच नाही.

आता १९२५ साल. कॅलिफोर्नियात डेव्हिसला हेन्री जोन्स कांद्याच्या पैदाशीचं काम करत होते. 'इटालियन रेड' वाणाच्या झाडांचे गोंडे पिशव्या बांधून झाकलेले, म्हणजे प्रत्येकाचं बी स्वतःच्याच परागानं धरलं जावं. त्यात १३-५३ क्रमांकाच्या झाडाला बी धरलंच नाही. फुलं होती, स्त्रीकेसर धडधाकट होते, पण परागकोशात जिवंत पराग नव्हता. बी नाही म्हटल्यावर असं झाड तिथेच संपायचं, पण या झाडाच्या गोंड्यात फुलांबरोबर बारीक कंदिकाही आल्या होत्या. त्या लावून जोन्स यांनी झाड जगवलं. पुढे अठरा वर्षांनी, १९४३ साली, त्यांनी आणि आल्फ्रेड क्लार्क यांनी या नर-वंध्यत्वाचा आनुवंशिक हिशेब मांडला. तो हिशेब कळला आणि संकरित कांद्याचं बी शेतात, मधमाश्यांच्या हातून तयार करता येऊ लागलं.

एक शब्द आत्ताच स्पष्ट करतो. अशा झाडाला लोक 'वांझ' म्हणतात, ते चूक आहे. झाडाची मादी बाजू पूर्ण सक्षम असते, बाहेरून पराग मिळाला की गोंडा बियांनी भरतो. फक्त नर बाजू बंद असते. म्हणून नर-वंध्य.

---

रानजाई

छान लिहिलंय. पण अडले तिथेच. झाडाला पराग नाही, म्हणजे स्वतःचं बी स्वतः धरणार नाही. दुसऱ्या वाणाचा पराग दिला तर येणारं बी संकरित. मग पुढच्या हंगामाला पुन्हा तेच नर-वंध्य झाड हवं, हजारोंनी हवं, ते कुठून आणायचं? कंदिका लावून किती पुरणार?

---

बीजवाट

रानजाई, सगळी गंमत याच प्रश्नात आहे, आणि मला हा धागा काढावासा वाटला तोही यासाठीच. सगळे नर-वंध्य झाडाचं कौतुक करतात. माझ्या मते खरं धन आहे त्याचा राखणदार.

कांद्यातलं हे नर-वंध्यत्व दोन गोष्टी जुळल्या तर येतं. एक पेशीद्रव्यात, एक केंद्रकात. पेशीद्रव्य दोन प्रकारचं: 'एस' म्हणजे वंध्यत्व आणणारं, 'एन' म्हणजे साधं. केंद्रकात एक जनुक, त्याचं प्रभावी रूप मोठा 'एमएस' आणि अप्रभावी रूप छोटा 'एमएस'. पेशीद्रव्य 'एस' असेल आणि केंद्रकात दोन्ही प्रती छोट्या असतील, तरच झाड नर-वंध्य होतं. मोठ्याची एक प्रत जरी असली तरी पराग परत येतो. आणि पेशीद्रव्य 'एन' असेल तर केंद्रकात काहीही असो, पराग तयार होतोच.

आता असं झाड घ्या की ज्याचं पेशीद्रव्य 'एन' आहे, पण केंद्रकात दोन्ही छोटे. याला पराग आहे. हा पराग नर-वंध्य झाडाला दिला तर काय होईल? पेशीद्रव्य फक्त आईकडून येतं, म्हणजे 'एस'. केंद्रकात आईचा एक छोटा, बापाचा एक छोटा. संतती सगळीच्या सगळी नर-वंध्य! म्हणजे या बापाच्या जिवावर नर-वंध्य वाण हवा तितका वाढवता येतो, आणि बाप स्वतःच्या परागावर स्वतःचं बी धरतो. हा राखणदार. आमच्या प्लॉटवर नर-वंध्याला 'ए लाईन' म्हणतात, राखणदाराला 'बी लाईन', आणि संकराला लागणाऱ्या वेगळ्या बापाला 'सी लाईन'.

म्हणून दोन वेगळे प्लॉट. एकात ए आणि बी शेजारी, त्यातून ए वाढते. दुसऱ्यात ए आणि सी शेजारी, त्यातून विक्रीचं संकरित बी. मादीच्या चार ते आठ ओळींना नराची एक किंवा दोन ओळी. फुलोरा संपला की नराच्या ओळी कापून टाकायच्या आणि बी फक्त मादीच्या ओळींवरून घ्यायचं.

राखणदार सापडणं मात्र सोपं नाही. 'एन' आणि 'एस' बाहेरून ओळखू येत नाहीत, छोटा-मोठाही दिसत नाही. एकेका झाडाचा पराग नर-वंध्य झाडाला द्यायचा, त्याच झाडाचं स्वतःच्या परागावरचं बीही धरायचं, मग संततीची वाट बघायची. कांदा द्वैवार्षिक: बियाण्यापासून कांदा, कांद्यापासून बी. संततीला फूल आल्याशिवाय निकाल नाही. एखाद्या खुल्या परागीभवनाच्या, म्हणजे संकरित नसलेल्या, वाणातून राखणदार निघेल की नाही हे ठरायला जुन्या पद्धतीनं चार ते आठ वर्षं जात. आता पानाचा तुकडा प्रयोगशाळेत दिला की डीएनए चाचणीनं पेशीद्रव्य 'एन' की 'एस' हे रोपातच कळतं. मी दोन्ही काळ पाहिले. पहिला राखणदार हाती आला तेव्हा त्या झाडाच्या पिंजऱ्याशी मी कितीतरी वेळ उभा होतो.

पिंजरा म्हणजे जाळीचा. बाहेरचा पराग येऊ नये म्हणून एकेक जोडी जाळीत बंद करायची आणि आत परागीभवनासाठी माश्या सोडायच्या. हो, साध्या माश्या! छोट्या पिंजऱ्यात मधमाश्यांपेक्षा त्या जास्त टिकून काम करतात.

---

हिरवीकाडी

मी मिरचीवर काम करते, तिथला अनुभव थोडा वेगळा आहे म्हणून लिहिते.

मिरचीत दोन्ही प्रकार चालतात. एक तुम्ही सांगितला तसा पेशीद्रव्याचा. तो पीटरसन यांनी १९५८ मध्ये नोंदवला, आणि ज्या नमुन्यात मिळाला तो भारतातून गेलेला होता. दुसरा निव्वळ केंद्रकातल्या जनुकाचा. त्यात पेशीद्रव्याचा काही संबंध नाही, त्यामुळे पूर्ण राखणदार मिळतच नाही. नर-वंध्य झाडाला मिश्र जनुकाच्या, म्हणजे एक मोठी आणि एक छोटी प्रत असलेल्या, भावंडाचा पराग द्यायचा आणि संततीत निम्मी नर-वंध्य, निम्मी परागवाली. ती निम्मी उपटून टाकायची, आणि फूल आल्याशिवाय कळत नाही कोणती कुठली. म्हणून रोपं दुप्पट लावायची आणि पहिलं फूल उमलायच्या दिवसांत रोज सकाळी झाडन् झाड तपासायचं.

तपासणी अशी: चांगल्या फुलाचे परागकोश निळसर-जांभळे, भरलेले, उन्हं वर आली की फुटतात आणि बोटाला भुकटी लागते. नर-वंध्याचे परागकोश बारीक, सुरकुतलेले, कितीही चोळा, बोट कोरडं. दुसऱ्या आठवड्यापर्यंत लांबूनच ओळखू यायला लागतात.

टोमॅटोत यावर एक सुंदर सोय आहे. 'एमएस-१०' हे वंध्यत्वाचं जनुक, आणि रोपाच्या खोडाला जांभळा रंग न येऊ देणारं दुसरं एक जनुक, ही दोन्ही गुणसूत्रावर अगदी जवळजवळ आहेत. म्हणजे रोपवाटिकेतच हिरव्या खोडाची रोपं वेचली की बहुतेक सगळी नर-वंध्य. मिरचीत इतकी सोपी खूण असती तर आमचे कितीतरी दिवस वाचले असते.

आणि पेशीद्रव्याच्या प्रकाराबद्दल एक सावधगिरीची गोष्ट. मिरचीत तो थंडीला डगमगतो. एका वर्षी आठवडाभर रात्री फार गार पडल्या. तपासून शंभर टक्के पक्की म्हणून ठेवलेली ए लाईन, तिच्या काही फुलांत पराग आला! सकाळी बोटाला पिवळं लागलं आणि पोटात धस्स झालं. त्या आठवड्यात धरलेली सगळी फळं आम्ही खूण करून काढून टाकली. तेव्हापासून ए लाईन निवडताना एक लागवड मुद्दाम थंडीत करते.

---

नांगरट

माझा प्रश्न साधा आहे. मागच्या वर्षी संकरित कांदा चांगला आला म्हणून त्यातले निवडक कांदे बियाण्यासाठी लावले. डेंगळे जोरदार आले, गोंडे मोठे, पण अर्ध्याहून जास्त गोंडे पोकळ. पाण्याचं, खताचं काही कमी नव्हतं. याचा संबंध इथे आहे का?

---

बीजवाट

आहे, नांगरट दादा, थेट आहे. तुमच्या संकरित कांद्यात आईकडून 'एस' पेशीद्रव्य आलेलं. बाप निवडताना परागाचा विचार केलेला नसतो, कारण कांद्यात आपल्याला कंद हवा, बी नको. त्यामुळे बापाकडे मोठा 'एमएस' नसेल तर संकरित झाडंही नर-वंध्यच निघतात. तुमच्या वाफ्यात परागच कमी पडला. जे गोंडे भरले ते थोड्या परागवाल्या झाडांमुळे किंवा आसपासच्या दुसऱ्या कांद्याच्या परागामुळे. आणि ते बी लावलंत तरी कांदे एकसारखे येणार नाहीत, रंग-आकार-टिकाऊपणा सगळं विखुरणार. बी स्वतःचं धरायचं असेल तर खुल्या परागीभवनाचा वाण घ्या. त्यात शेकडो चांगले कांदे निवडून एकत्र लावले तर वर्षानुवर्षं वाण टिकतो. मोजकेच कांदे लावू नका, कांद्याला जवळच्या नात्यातला संकर फार लवकर बाधतो. दोन-तीन पिढ्यांतच झाडं खुजी पडतात.

मिरचीत, टोमॅटोत मात्र असं चालत नाही. तिथे फळच हवं आणि फळाला पराग लागतो. म्हणून मिरचीच्या संकरात बापाकडे पराग परत आणणारं जनुक असावंच लागतं. हिरवीकाडी ताई, हे जनुक तिखट मिरच्यांत भरपूर आणि ढोबळीत दुर्मीळ, बरोबर ना?

---

हिरवीकाडी

अगदी. म्हणून तिखट मिरचीत पेशीद्रव्याची पद्धत रुळली, ढोबळीत अजून बरंच काम हातानं होतं.

---

साधीसुधी

थोडं वेगळं विचारते. आमच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय की नर-वंध्य भाज्या खाल्ल्या की माणसातही वंध्यत्व येतं, आणि या भाज्या जनुकीय फेरफाराच्या आहेत. मी पुढे पाठवला नाही, पण काळजी वाटली. घरात लहान मुलं आहेत.

---

बीजवाट

पाठवला नाहीत हे फार चांगलं केलंत. काळजी वाटणं साहजिक आहे, म्हणून नीट सांगतो.

कांद्याचं नर-वंध्यत्व १९२५ मध्ये शेतात आपोआप सापडलं, तेव्हा जनुकीय फेरफाराचं तंत्रज्ञान अस्तित्वातच नव्हतं. गाजरातही तसंच: एका प्रकारात परागकोश तपकिरी होऊन सुकतात, दुसऱ्यात पुंकेसरांच्या जागी पाकळ्याच येतात. तो दुसरा रानगाजरातून आला. निसर्गात हे होतच असतं.

आत घडतं ते असं. पेशीतल्या तंतुकणिका ऊर्जा तयार करतात आणि त्यांचं स्वतःचं छोटं डीएनए असतं. त्या डीएनएचे तुकडे कधीतरी आपसात जुळून एक वेडंवाकडं जनुक तयार होतं. झाडाच्या बाकी अवयवांना त्याचा त्रास जाणवत नाही. पण पराग तयार होताना परागकोशाच्या आतल्या टॅपीटम या पोषक थराला प्रचंड ऊर्जा लागते आणि तिथे तो दोष उघडा पडतो. पोषण तुटतं, पराग मरतो. हे सगळं वनस्पतीच्या परागकोशात घडतं. कांदा खाल्ला की त्यातली प्रथिनं आणि डीएनए पचतात, जशी कुठल्याही भाजीची पचतात. त्यातून माणसाला वंध्यत्व यायचा मार्गच नाही. मुलांना निर्धास्त खाऊ द्या.

---

मोहरीकाठ

वरच्या उत्तरात एक भर घालतो, कारण कोबीवर्गात गोष्ट थोडी गुंतागुंतीची आहे आणि ती लपवू नये.

जपानमध्ये ओगुरा यांना १९६८ मध्ये मुळ्यात नर-वंध्यत्व सापडलं. कोबी-फ्लॉवरमध्ये ते आणावं असं सगळ्यांना वाटलं, कारण तिथे तोवर स्व-असंगततेवर काम चालायचं, म्हणजे झाड स्वतःचा पराग नाकारतं त्या गुणावर. तो गुण गरमीत ढिला पडतो आणि मग संकरित बियाण्यात आईचीच झाडं मिसळलेली निघतात. १९७०च्या दशकात फ्रान्समध्ये मुळा आणि कोबीचा संकर करून, मग पुन्हापुन्हा कोबीशी संकर करत मुळ्याचं पेशीद्रव्य कोबीत आणलं. नर-वंध्यत्व आलं, पण थंडीत पानं पिवळी पडायला लागली आणि फुलात मधुरस कमी. पानं पिवळी पडायची कारण पेशीद्रव्याबरोबर मुळ्याचं हरितलवकही आलं होतं आणि त्याचं कोबीच्या केंद्रकाशी जमेना.

उपाय पेलेतिए आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये दिला. पेशींच्या भिंती काढून दोन पेशी एकत्र केल्या. त्यातून निवडून अशी झाडं घेतली की ज्यांत हरितलवक कोबीवर्गाचं आणि वंध्यत्वाचं जनुक मुळ्याच्या तंतुकणिकेचं. आज कोबीवर्गातल्या पुष्कळ संकरित वाणांच्या मुळाशी हे आहे. यात जनुक कापून घातलेलं नाही, पण पेशींचं संमीलन शेतात होत नाही हेही खरं. युरोपातल्या काही सेंद्रिय संघटना असे वाण म्हणूनच नाकारतात. आरोग्याला धोका आहे असं मी मानत नाही. पण बियाणं कसं बनलं हे विचारायचा हक्क शेतकऱ्याला आणि खाणाऱ्याला आहे आणि उत्तर मिळायला हवं.

---

बीजवाट

मोहरीकाठ, पूर्ण सहमत. मी फक्त कांद्या-गाजराबद्दल बोललो, कोबीचं सांगायला हवं होतं.

---

जुनंपान

एवढ्या चांगल्या चर्चेत मक्याची आठवण करून द्यावी वाटते. भाजी नसली तरी धडा आपल्याच विषयाचा आहे. अमेरिकेत मक्याचं संकरित बियाणं बनवायला 'टेक्सास' पेशीद्रव्य इतकं सोयीचं ठरलं की १९७० पर्यंत तिथला सुमारे ८५ टक्के मका त्याच पेशीद्रव्यावर होता. त्या साली करपा रोगाच्या बुरशीची एक जात आली. तिचं विष नेमकं त्याच प्रथिनावर काम करायचं जे वंध्यत्व आणत होतं. देशाचं सुमारे १५ टक्के पीक गेलं. वाण वेगवेगळे होते, बाप वेगवेगळे होते, पण आई एकच.

कांद्यात आज काय परिस्थिती आहे?

---

बीजवाट

हाच प्रश्न मला छळतो. जगभरातले बहुतेक संकरित कांदे अजून त्या 'एस' पेशीद्रव्यावरच आहेत, म्हणजे त्यांची आई-आजी मोजत मागे गेलं की १३-५३ क्रमांकाच्या एका झाडापाशी येतो आपण. फ्रान्समध्ये १९६५ साली बर्निंजे यांनी 'टी' पेशीद्रव्य नोंदवलं, त्यावर काही वाण आहेत. पण त्यात पराग परत आणणारी जनुकं एकाहून जास्त, त्यामुळे राखणदार शोधणं आणखी जिकिरीचं. 'एस' सोपं, थंडी-उन्हात स्थिर, म्हणून सगळे तिकडेच वळले. आजवर त्याच्यामुळे मक्यासारखं संकट आलेलं नाही. तरीही पैदास करणाऱ्यांनी 'टी' वर राखणदार काढून ठेवावेत असं मी कळकळीनं म्हणतो. त्याला वर्षं लागतात, आणि रोग आल्यावर ती वर्षं मिळत नाहीत.

---

रानजाई

मधमाश्यांबद्दल कुणी लिहिलं नाही. मादीच्या फुलात पराग नाही, मग त्या तिकडे जातातच कशाला?

---

बीजवाट

मधुरसासाठी. पण तुमची शंका रास्त आहे, हीच सगळ्यात मोठी अडचण. परागासाठी फिरणाऱ्या माश्या नराच्या ओळीतच घुटमळतात. मधुरसावर फिरणाऱ्याही एकदा ओळ धरली की त्याच ओळीनं जातात, आडव्या कमी. मादी आणि नराच्या फुलांचा वास-रस वेगळा असला तर आणखीच. कांद्याच्या मधुरसात पोटॅशियम बरंच असतं, ते मधमाश्यांना फारसं आवडत नाही. जवळ दुसरं फुललेलं पीक असलं की त्या तिकडे पळतात. म्हणून पेट्या फुलोरा सुरू झाल्यावर आणायच्या, आधी आणल्या तर त्या दुसरीकडे लागतात. आणि नर-मादी एकाच वेळी फुलायला हवेत, नाहीतर माश्या असूनही गोंडे पोकळ. फुलोऱ्याचा मेळ बसत नसेल तर एका वाणाचे कांदे आठ-दहा दिवस मागेपुढे लावून बघतो.

---

अंकुर२

मी या क्षेत्रात नुकताच आलोय, पहिल्याच हंगामात ए-बी प्लॉट सांभाळायला दिलाय. कशाला सगळ्यात जास्त जपू?

---

बीजवाट

लेबलांना. मनापासून सांगतो. ए आणि बी पिढ्यान् पिढ्या संकर करून इतक्या सारख्या झालेल्या असतात की कांदा, पात, डेंगळा, काहीच वेगळं दिसत नाही. फरक फक्त फुलात.

माझ्या पहिल्या वर्षी लागवडीच्या दिवशी बी लाईनच्या क्रेटमधले थोडे कांदे ए च्या क्रेटमध्ये गेले. कुणाच्या लक्षात आलं नाही. तीन महिन्यांनी ए च्या ओळीत एका गोंड्यावर पिवळी धूळ दिसली. तोवर त्यातली कितीतरी फुलं फुटून गेली होती आणि माश्या सगळीकडे फिरलेल्या. पुढे आणखी चार सापडली. त्या ओळींचं सगळं बी आम्ही टाकून दिलं. दोन हंगामांची मेहनत होती ती.

आता मी हे असं करतो: ए आणि बी वेगवेगळ्या दिवशी लावतो, एकाच दिवशी कधीच नाही. फुलोऱ्यात सकाळी आठ-साडेआठला प्लॉटवर, दव ओसरल्यावर. पाठीवर ऊन घेऊन ओळीनं चालायचं, म्हणजे परागकोश उजळ दिसतात. नर-वंध्याचे फिकट हिरवट, जवळजवळ पारदर्शक. परागवाल्याचे फुगीर, मग पिवळे. शंका आली तर अंगठ्यानं गोंडा हलकेच चोळून काळ्या कागदावर झटकायचा. तरीही शंका राहिली तर परागकोश काचपट्टीवर चिरडून ॲसिटोकार्मिन या लाल रंगाचा थेंब टाकायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं: जिवंत पराग गोल आणि लाल रंगतो, मेलेला चपटा आणि बिनरंगाचा. गोंडा एकदाच बघून सोडू नका, उशिरा येणाऱ्या बारीक डेंगळ्यांवरही बघा. आणि परागवालं झाड सापडलं तर आधी गोंड्यावर पिशवी चढवा, मगच उपटा. तसंच उपटलंत तर हिसक्यानं पराग उडतो.

---

अंकुर२

काळा कागद उद्याच घेऊन जातो. पिशवीचं सांगितलंत ते बरं झालं, कालच एक झाड तसंच उपटलं. आज त्याच्या आजूबाजूच्या दोन-दोन मीटरमधल्या गोंड्यांना दोरी बांधून खूण करून ठेवतो, त्यांचं बी वेगळं काढीन.